बरखेड्यातलं राज्य आणि त्याचं रजिस्टर

जवाहर चौकातून ती सीडी आणली तेव्हा मी बारावीत होते. संगणकावरचा युद्धाचा खेळ होता, पण धडाधड गोळ्या झाडायचा नव्हे. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानचा नकाशा समोर यायचा. त्यातलं एक राज्य निवडायचं आणि शंभर वर्षं चालवायचं. धान्य, रस्ते, तह, फौजा, सगळं आपणच बघायचं. मी अर्थातच पुणं घेतलं. मराठी मुलखाबाहेर, बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मराठी मुलीने दुसरं काय घ्यायचं?

बाबा कारखान्यात इंजिनिअर. पहिला आठवडा ते मागे उभं राहून बघत होते, दुसऱ्या आठवड्यात खुर्ची ओढून बसले. मग कारखान्याची शिस्तच घरात आली. एका जाड वहीवर त्यांनी 'शिफ्ट रजिस्टर' असं लिहिलं. माझी शिफ्ट शाळेतून आल्यावर, त्यांची संध्याकाळच्या चहानंतर. उठताना काय केलं, काय अर्धवट राहिलं ते लिहून सही करायची. पुढच्याने ते वाचून शेजारी सही करायची. खाडाखोड बंद. आणि जपून ठेवायचा तो डावही एकच. "चूक झाली तर निस्तरायची, मागे जाऊन पुसायची नाही," असं म्हणून त्यांनी माझे सगळे जुने सेव्ह उडवले.

मी चिडले, पण ऐकलं. कारण बाबा खुशीत होते, आणि तसे ते घरी क्वचितच दिसत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या एका माणसाच्या चुकीने मोठं मशीन बंद पडलं होतं. त्याची नोकरी जाईल म्हणून बाबांनी कारखान्याच्या रजिस्टरमध्ये ती चूक स्वतःच्या नावावर लिहिली. तेव्हापासून बढती अडकली ती अडकलीच. बरोबरीचे लोक साहेब होऊन बंगल्यांत राहायला गेले. आई त्यावरून अजून धुसफुसते. आमच्या राज्यात मात्र बाबांना अडवणारं कोणी नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी नर्मदेपर्यंत रस्ते नेले, जागोजाग कोठारं बांधली, आणि फौज एकदाही उपाशी राहिली नाही.

दिवाळीत दादा नागपूरहून आला. तो तिथे इंजिनिअरिंगला होता. एका दुपारी आम्ही तिघं बाजारात गेलो असताना त्याने डाव उघडला, तीन दिशांना एकदम फौजा सोडल्या, कोठारं रिकामी केली आणि सेव्ह करून मोकळा झाला. आम्ही परतलो तोवर पुणं गेलं होतं. चार महिन्यांचं काम! आणि वहीत एक ओळ नाही.

मी घर डोक्यावर घेतलं. दादा हसला. "क्या यार, गेमच तर आहे. दुसरा लाव ना."

आई म्हणाली, "चार दिवस आलाय तो. सणासुदीचं नको सुरू करूस."

वा! चार दिवस येणाऱ्याला सगळं माफ, आणि रोज घरात असणाऱ्याने मुकाट गिळायचं. हा कुठला न्याय, ते मला आजही कळलेलं नाही.

"वहीत लिही," मी दादाला म्हटलं. "काय केलंस ते लिही आणि सही कर." तो चिवड्याचा बकाणा भरून अंगणात निघून गेला.

मग बाबांनी वही ओढली. मला वाटलं, आता त्याला हाक मारतील. त्यांनी सावकाश लिहिलं, 'घाईने चढाई केली. रसद तुटली. राज्य गेलं. चूक माझ्या शिफ्टमध्ये.' खाली सही केली आणि माझ्या सहीसाठी वही पुढे सरकवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादापेक्षा त्यांचाच जास्त राग आला. कारखान्यातल्या त्या माणसाची निदान नोकरी तरी पणाला लागली होती. दादाचं काय जाणार होतं? एक माफी? मी त्यांच्या नोंदीखाली लिहिलं, 'वरील नोंद खोटी आहे. हे दादाने केलं. आणि ते मशीनही बाबांनी बंद पाडलं नव्हतं.' मग माझी सही.

बाबांनी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात दादा अंगणातून आत येताना दिसला. बाबांनी ते पान फाडलं, घडी करून शर्टाच्या खिशात घातलं आणि वही मिटली.

"उद्या नवीन डाव लावू," ते म्हणाले.

"तुम्ही लावा," मी म्हटलं.

ते रोज संध्याकाळी खुर्चीपाशी येऊन माझी वाट बघायचे. मी गेले नाही. खोट्या नोंदीवर सही करायला मला कोणी शिकवलंच नव्हतं, बाबांनीसुद्धा.