वेल माझा, शेंगा वरच्या काकूंकडं

भावांनो, आज डोकंच चालेना.

गावाकडनं आईनं घेवड्याचं बी दिलेलं. कामोठ्याच्या खोलीच्या गॅलरीत बादलीत लावलं. "घरचं बी संपलंय, पहिल्या शेंगा वेलावरच वाळव आन् बी घेऊन ये," असं ती बोललेली. पण माझ्याकडं नुसती पानंच!

आज वरच्या मजल्यावरच्या काकू वाटी घेऊन आल्या. "घे रे, तुझ्याच घेवड्याची भाजी. वेल आमच्या ग्रिलवर चढलाय, सगळ्या शेंगा तिकडंच."

"काकू, एखादी तरी ठेवली का वेलावर?"

"येडा का? जून झाल्यावर कोण खाणार?"

भांडू का थँक्यू बोलू, कळेना. भाजी मात्र वाटी पुसून खाल्ली.

आता आईचा फोन वाजतोय. भाजी तिच्या हातच्यासारखी झालेली हे सांगू, का बी गेलं हे?