पार्किंगमधली स्पोर्ट्स कार

घरच्या घरी इंजिन उघडणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: उरलेले नट आणि किस्से. नट मी गुपचूप ड्रॉवरमध्ये ढकललेत. किस्से मात्र सोसायटीभर झालेत, तेव्हा ते निदान माझ्या तोंडून तरी ऐका.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॉलेजपासून एकच वेड, दोन सीटची स्पोर्ट्स कार. शेवटी एक जुनी मिळाली, बंद इंजिनासकट. "व्हिडिओ बघून घरीच करतो सगळं," मी बायकोला सांगितलं.

"आधी मिक्सर दुरुस्त करून दाखव," स्मिता म्हणाली.

मिक्सर अजून तसाच आहे.

*

मदतीला ऑफिसातला मिलिंद आला. "मी मूळचा मेकॅनिकलचा," हे तो चहा मागवतानासुद्धा सांगतो. बॉनेट उघडल्यावर मात्र बराच वेळ नुसता आत बघत राहिला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"शेवटचं इंजिन मी व्हायव्हाला पाहिलं होतं," तो म्हणाला. "तेव्हाही हे इंजिन आहे, असं परीक्षकांनीच सांगितलं."

*

इंजिनाच्या हेडखाली बसणारं पातळ गॅस्केट आणायला नाना पेठेत गेलो. दुकानदाराने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "मेकॅनिक कोण?"

"मीच," मी ऐटीत म्हणालो.

"मग दोन देतो."

मला राग आला. एकच घेतलं. ते बसवतानाच दुमडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो, तर दुसरं काउंटरवर बांधून तयार होतं.

*

चार महिने इंजिन पार्किंगमध्ये चादरीवर पसरलेलं होतं. शेवटी आमचे चेअरमन आपटेकाका मीटिंगमध्ये म्हणाले, "अहो गायकवाड, आपल्याकडे गाडी आहे की प्रदर्शन?"

ठराव झाला. दसऱ्याला सकाळी दहापर्यंत गाडी स्वतःच्या ताकदीने गेटबाहेर गेली पाहिजे. ढकललेली चालणार नाही. नाहीतर भंगारवाला येणार.

ठराव एकमताने मंजूर झाला. म्हणजे स्मितानेही हात वर केला होता.

*

कसंबसं इंजिन जोडत आणलं. खंडेनवमीला फक्त स्पार्क प्लग लावायचे राहिले होते. मी वर चहाला गेलो, तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन खाली आली. पान्यांना हळदकुंकू वाहिलं, मग इंजिनाला. प्लगची भोकं उघडीच होती. अक्षता थेट सिलिंडरमध्ये!

"आता हत्यारांना उद्यापर्यंत हात लावायचा नाही," आईने बजावलं. त्यामुळे सगळी संध्याकाळ आम्ही व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला स्ट्रॉ चिकटवून तांदूळ ओढत बसलो.

"काकू, साधारण किती दाणे टाकले होते?" मिलिंदने विचारलं.

"अक्षता काय मोजून वाहतात?" आई म्हणाली.

*

दसऱ्याला सकाळी प्लग लावले. गाडीला झेंडूचा हार घातला. सगळी सोसायटी खाली जमली. आपटेकाका घड्याळ बघत उभे होते. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. दहाला पाच मिनिटं कमी होती आणि मला खरंच रडू येत होतं.

मिलिंद खिडकीशी वाकला. "पहिल्या गिअरमध्ये टाक आणि नुसता स्टार्टर मारत राहा. इंजिन चालू झालं नाही तरी बॅटरीच्या जोरावर गाडी सरकते."

मी तसं केलं. गाडी आचके देत निघाली. हात, दोन हात. आई मागून "मोरया" म्हणत होती. मुलं टाळ्या वाजवायला लागली. बरोबर गेट ओलांडलं आणि बॅटरीने मान टाकली.

"काका, कोणी ढकललेली नाही," मी खाली उतरून म्हणालो. आनंदाने माझा आवाज चिरकला होता.

आपटेकाकांनी गाडीला मागून पुढून नीट पाहिलं. "मान्य आहे. गाडी स्वतःच्या ताकदीने बाहेर गेली. अभिनंदन."

मग ते वॉचमनकडे वळले. "गेट लावून घ्या."