सीटच्या आतली माया

माझ्या काकूवर अन्याय झाला तो १९८६ सालच्या सप्टेंबरमधल्या पहिल्या शनिवारी, दुपारच्या चहाच्या वेळी, पिस्कॅटवेमधल्या तिच्या स्वतःच्या गराजमध्ये. अन्याय करणारा तिचा नवरा, म्हणजे माझा सख्खा काका. पाहणारे दोघं: गाडी विकत घ्यायला आलेला एक अमेरिकन गृहस्थ आणि मी. काकूच्या हातात त्या वेळी चहाचा ट्रे होता.

कुणावर आणि कधी, हे आधी सांगायची सवय मला पत्रकांनी लावली. त्या वर्षी मी युनिव्हर्सिटीच्या आवारात, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत गुंतवलेले पैसे काढून घ्या अशी पत्रकं लिहीत होते आणि थंडीत उभी राहून वाटत होते. पत्रक घेणारा माणूस चालता चालता वाचतो. पहिल्या ओळीत त्याला काही कळलं नाही, तर बाकीच्या ओळी पुढच्या कचऱ्याच्या डब्यात जातात. तर पहिली ओळ झाली. आता गाडी.

गाडी ब्रिटिश होती, पन्नासच्या दशकातली, लांब नाकाची, दोन दारांची. अशा गाडीला ग्रँड टूरर म्हणतात. दोन माणसांनी एका देशातून दुसऱ्या देशात थाटात, न दमता जावं यासाठी बनवलेली. काकाच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षं पडून होती. दारं गंजलेली, सीटांमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. काकाने ती ओढून आणली आणि त्यानंतर त्याचे सगळे शनिवार-रविवार तिच्यात गेले. मला त्या गाडीचा राग यायचा. श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी केलेली वस्तू, आणि माझा स्कॉलरशिपवर शिकलेला काका तिच्यापुढे गुडघे टेकून बसतो, असं मी त्याला तोंडावर म्हणालेही होते. त्यावर तो म्हणाला होता, "गुडघे टेकल्याशिवाय खालचा गंज दिसत नाही, कॉम्रेड."

गाडी तयार झाली, दोन-चारदा गावातून फिरली, आणि काकाच्या कंपनीने त्याची बदली मिनेसोटाला, ईडन प्रेरीला केली. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ जुना पत्रा खातं. नव्या घराला एकाच गाडीचं गराज. म्हणून विकायची ठरली. एका देशातून दुसऱ्या देशात जायला बनवलेली गाडी न्यू जर्सीच्या बाहेरसुद्धा पडली नव्हती.

आता सीटा. काकू एम.एस्सी. झालेली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. शिवण ती माहेरीच शिकली होती आणि इथे आल्यावर आमच्या ओळखीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवायची. इथल्या तयार कपड्यांबद्दल तिची एकच तक्रार होती. कपडा उलटा करायची, शिवणीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "या देशात मायाच नाही." माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की ब्लाऊज उसवून मोठा करता यावा म्हणून ठेवतात. ज्यांना शिवण येत नाही त्यांना हे वाक्य ऐकून वाटायचं, बाईला घरची आठवण येतेय.

काकाने सीटांचं पहिलं कातडं स्वतः कापलं होतं. जुन्या कव्हरांवरून ग्राफ पेपरवर नकाशे काढले आणि नेमके त्याच मापाचे तुकडे कापले. मग ते जोडायला काकूकडे आणले. तिने दोन कडा एकमेकींना लावून बघितल्या आणि हसायला लागली. "अहो, माया कुठेय? शिवू कशावर?" काकाही हसला. ते कातडं किल्ल्यांच्या जुडग्यांना आणि चष्म्यांच्या घरांना पुरलं, अजून पुरतंय. पुढची सगळी कातडी काकूने कापली आणि सगळ्या सीटा तिनेच शिवल्या. त्यासाठी बंद पडलेल्या पर्सच्या कारखान्यातलं एक जड मशीन गराजच्या कोपऱ्यात आलं. इंजिनाजवळ काका, मशीनवर काकू, मधे रेडिओ. मी कधी अभ्यासाला म्हणून जायचे आणि तिथेच बसायचे.

माया तिने सवयीने ब्लाऊजसारखी ठेवली, भरपूर. काकाने विचारलं, "एवढी कशाला? गाडी काय बाळंत होणारे?"

"गाडी नाही, पण बसणारे जाड होतात," काकू म्हणाली. मग तिने नीट सांगितलं. चामडं उन्हाने आकसतं. कड अगदी शिवणीपाशी कापली, तर चार उन्हाळ्यांत टाके चामडं फाडून बाहेर येतात. माया असली की शिवण धरून ठेवते. काकाने मान डोलावली. मी ती मान डोलावलेली बघितली आहे, म्हणून पुढचं मला जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट. घरी, मराठी लोकांच्या जेवणावळीत, काका गाडीबद्दल बोलताना कायम 'आपण' म्हणायचा. आपण इंजिन उतरवलं, आपण सीटा शिवल्या. मला ते ऐकून बरं वाटायचं. तोच काका इंग्रजीत गेला की 'आपण'चा 'आय' व्हायचा. हे मी आधी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं.

त्या शनिवारी आलेला गृहस्थ उंच, पांढऱ्या मिशांचा, फार सभ्य. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत होता, कारण आत पुट्टी भरलेली असली की चुंबक धरत नाही. सगळीकडे धरलं. रंग कुणी दिला, त्याने विचारलं. काका म्हणाला, आय डिड. डॅशबोर्डचं लाकूड? आय डिड. मग तो आत बसला, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, सीटा सुंदर आहेत. काका म्हणाला, थँक यू. काकू ट्रे घेऊन दारात आली ती याच वेळी.

मग त्या माणसाचं बोट सीटच्या कडेवरून जाता जाता थांबलं. चामड्याखाली मायेची जाडी लागली होती. त्याने दाबून बघितलं, वाकून बघितलं आणि म्हणाला, कारखान्यात असं करत नसत. जुन्या गाड्यांच्या शोमध्ये परीक्षक नेमका इथेच हात फिरवतो. हे काय आहे?

काका म्हणाला, "ओह, दॅट. अ लेडी डिड द सोइंग."

सुंदर होत्या तोवर सीटा त्याच्या होत्या. उंचवटा लागला आणि त्या कुण्या एका बाईच्या झाल्या. नाव नाही, नातं नाही. आणि ती बाई तिथेच उभी, त्याच्यासाठी कमी साखरेचा चहा घेऊन.

काकूने ट्रे मशीनवर ठेवला आणि ती आत गेली. मी त्या गृहस्थाला म्हणाले, ती लेडी आत्ताच चहा ठेवून गेली. त्याने गोंधळून दाराकडे बघितलं. काका घाईने हसला आणि म्हणाला, ही माझी पुतणी, कॅम्पेन करते, तिला कुठेही सभा दिसते. गृहस्थ चहा प्यायला, पुढच्या शनिवारी परत येतो म्हणाला आणि गेला.

मी तडक किचनमध्ये गेले. काकू भेंडी पुसत होती, एकेक, नेहमीसारखी. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कुठल्याही पत्रकात सापडेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या नावाने काही छापू नकोस गं. मला श्रेय नकोय. ती खोट नाहीये, एवढंच त्याने म्हणायला हवं होतं."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. श्रेय नको म्हणणाऱ्या बायकांच्या जिवावरच 'आय डिड' म्हणणारे पुरुष उभे असतात. पण भांडण तिचं होतं आणि तिला काय हवंय ते तिने सांगितलं होतं.

जेवताना काकाने विषय काढला, पण माफीचा नव्हे. भाजी वाढून घेत तो सहज म्हणाला की पुढच्या शनिवारच्या आत ती जास्तीची माया तेवढी कापून टाकली, तर बरं होईल. चामड्यात नाहीतरी उसवून मोठं करता येत नाही, टाक्यांची भोकं दिसतात. मग ती असून उपयोग काय? गिऱ्हाईक चांगलं आहे, बदली तोंडावर आहे.

काकू म्हणाली, "कापली की परत येत नाही."

"मला माहितेय."

"तुम्हाला माहितेय तर तुम्हीच कापा. कात्री मशीनवर आहे."

त्यानंतर आठवडाभर त्या घरात मायेचं नाव निघालं नाही. पॅकिंग चाललं होतं. मी रोज कॉलेजमधून तिकडेच जायचे, भांडी गुंडाळायच्या निमित्ताने. खरं तर कात्री बघायला. शुक्रवारी संध्याकाळी ती मशीनवर नव्हती. गराजमध्ये काका होता, कात्री त्याच्या हातात. ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर मागून सुटं केलेलं. त्याने कड उलटी धरली होती आणि शिवणीच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवत होता. मला बघून म्हणाला, "टाके बघ हिचे. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, आणि एक वाकडा नाही यार." त्याने कव्हर पुन्हा बसवलं. कात्री जागेवर ठेवली.

शनिवारी तो गृहस्थ बायकोला घेऊन आला. तिला गाडी आवडली, ते तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. त्याने पुन्हा कडेवर बोट ठेवलं आणि काकाला विचारलं, हे काढून देता येईल का?

"नो," काका म्हणाला. आणि मग, "माय वाइफ मेड दीज सीट्स. ऑल ऑफ देम. आस्क हर."

काकू दारात उभी होती. ट्रे नव्हता. तिने इंग्रजीत सांगितलं की चामडं आकसतं आणि हे त्याला धरून ठेवतं. याला म्हणतात काय, असं त्याने विचारल्यावर ती माझ्याकडे वळली. "मायेला काय गं?" मला एकही कामाचा शब्द आठवेना. डोक्यात आलं ते नुसतं प्रेम. काकाच म्हणाला, "अलाउअन्स." गृहस्थाला कळलं. मला मात्र तो शब्द टोचला, कारण इथे बाप पोरांच्या हातावर आठवड्याचे पैसे ठेवतात त्यालाही हाच शब्द. देणारा देतो, घेणारा घेतो. आपल्याकडची माया देणाऱ्याला दिसत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, ती आतल्या बाजूला असते.

त्याने काकूचा हात हातात घेऊन चांगलं काम आहे म्हटलं, काकाचे आभार मानले आणि गाडी न घेता गेला. त्याला कारखान्यातल्यासारखीच हवी होती. तो त्याचा हक्क.

"गेलं गिऱ्हाईक तुझ्या मायेपायी," काका म्हणाला.

"जाऊ दे. शेगडीवर दूध आहे," काकू म्हणाली आणि आत गेली. पण जाताना तिने गाडीच्या टपावर हात ठेवला, जरा वेळ.

पुढे न्यू जर्सीबाहेरच्या, दूरच्या श्रूजबरीहून आलेल्या एका जोडप्याने गाडी घेतली. काका आधीच ईडन प्रेरीला गेला होता, त्यामुळे व्यवहार काकूनेच केला. सीटा कुणी शिवल्या, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आय डिड. माझ्यासमोर म्हणाली. मग तिने त्यांना सांगितलं की हिला गराजमध्ये ठेवू नका, लांब न्या. ते श्रूजबरीपर्यंत ती चालवतच घेऊन गेले.

काकाने शेवटी बरोबर केलं, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी आठवडा का लागला? नसलेली खोट परक्यासमोर तिच्यावर ढकलायला त्याला एक क्षणही लागला नव्हता.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी आतल्या बाजूने शिवलेलं काहीतरी आहे आणि तुम्ही त्याला 'आपण' म्हणता. 'आपण' पुरत नाही. पुढच्या वेळी पाहुणा येईल तेव्हा, ती ट्रे ठेवून आत जायच्या आधी, पाहुण्याला कळेल त्या भाषेत सांगा की हे हिने केलं. आणि त्याचं बोट कुठे अडलं, तर उत्तर तुम्ही देऊ नका. तिला विचारा.