दार लावण्याआधी मारोतराव

मारोतराव गेल्याची बातमी त्यांच्या जावयाने जिनिंगच्या फाटकावर येऊन सांगितली. हंगाम ऐन भरात होता, कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. मी यंत्रं बंद करायला सांगितली. एवढ्या वर्षांत हंगामातल्या कामाच्या दिवशी आमचं जिनिंग असं कधी थांबलं नव्हतं... आज पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं, तेव्हा माझ्याबद्दलही एक गोष्ट लिहावी लागणार हे ठाऊक होतं. म्हणूनच इतका उशीर झाला.

ते अंबड तालुक्यातल्या शेतकरी घरातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरी न सांगता मुंबईला गेले आणि आरमारात भरती झाले. ज्याच्या गावची नदी उन्हाळ्यात कोरडी पडते, त्या माणसाने पाच वर्षं एका लढाऊ जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत काढली. मालवाहू जहाजांच्या ताफ्याला सोबत करणारं ते लहानसं जहाज होतं. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर इकडे शांतता झाली तेव्हा ते परतले आणि जालन्यात आमच्या जिनिंगवर बॉयलर सांभाळायला लागले. जिनिंग माझ्या आजोबांनी मारवाडातून इथे येऊन काढलेलं. कारभार नुकताच माझ्या हाती आला होता. वाफेतलं मला काही कळत नव्हतं. मारोतरावांना सगळं कळत होतं.

दुपारच्या सुट्टीत माणसं त्यांच्याभोवती जमायची आणि प्रश्न सुरू व्हायचे. एवढं लोखंड पाण्यावर राहतं कसं? तोफ उडाली की जहाज मागं सरकतं का? पाण्याखालून येणारी पाणबुडी दिसते कशी? मारोतराव न कंटाळता सांगायचे. "दिसत न्हाई, ऐकू येती. वरून आवाज सोडायचा, तो तिच्या अंगावर आपटून माघारी येतो. मंग तिच्यावर बाँबचे पिंप सोडायचे." लोखंड का बुडत नाही, हे त्यांनी हौदात तांब्याची घागर तरंगवून दाखवलं होतं.

एकदा मी विचारलं, "भोक पडलं तरी जहाज तरतं म्हणतात, ते कसं?"

"मसाल्याचा डबा असतो न्हाई का, शेट? तसे खण असतात. एका खणात पाणी शिरलं, आग लागली, की त्याचं दार बाहेरून आवळायचं. बाकीचं जहाज वाचतं."

"आणि त्या खणात माणूस असला तर?"

मारोतराव उठले आणि बॉयलरच्या काचेतलं पाणी बघायला निघून गेले. पाणी त्यांनी दोनच मिनिटांपूर्वी बघितलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, काम बंद असताना, त्यांनी बॉयलरपासून रुईच्या खोलीपर्यंत एक नळ टाकून घेतला. खोलीतल्या भागाला भोकं पाडलेली, बाहेर चाक. आग लागली तर दार लावून आत वाफ सोडायची. वाफ हवा हटवते, आग गुदमरते. जहाजावर असंच असतं म्हणाले. मी हसून परवानगी दिली होती.

पुढच्या हंगामात, एका दुपारी, रेच्यातून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रातून, ठिणगी उडाली आणि सरकी काढलेल्या रुईबरोबर त्या खोलीत गेली. आत बाया रुई निवडत होत्या. आरडाओरडा झाला, बाया खोकत बाहेर पळाल्या, पाठोपाठ पिवळा धूर. भिंतीपलीकडे बांधलेल्या गाठींचं गोदाम होतं. ते पेटलं असतं तर जिनिंग राहिलं नसतं, शेजारची वस्तीही. मी ओरडलो, "दार लावा! जल्दी!"

मारोतराव चाकाजवळ उभे होते. हात चाकावर, पण फिरवत नव्हते.

"मोजल्याबिगर न्हाई, शेट."

"समद्या आल्या!" मुकादमीण गंगूबाई ओरडली.

"समद्या म्हनू नका. एकेक नाव घ्या. जिचं नाव, तिनंच हाय म्हनायचं."

उघड्या दारातून हवा आत जात होती आणि आतला आवाज वाढत होता, मोठं कापड फाडावं तसा. गंगूबाई नावं घेऊ लागली. सखू... हाय. पार्वती... हाय. रुक्मिण... हाय. मला प्रत्येक नाव तासासारखं वाटत होतं. शांता... "हाय, हाय," मागून कुणीतरी म्हणालं, "आत्ताच पाह्यली मी."

"तिनं म्हनावं," मारोतराव म्हणाले.

कुणी बोललं नाही.

आता जे लिहितो आहे, ते मी आजवर घरातही सांगितलेलं नाही. त्या शांततेत मी पुढे झालो आणि लोखंडी दार लोटू लागलो. ते रुळावर हातभर सरकलंही. मारोतरावांनी कोळशाचा फावडा रुळात आडवा घातला, माझ्याकडे एकदा बघितलं, ओलं पोतं डोक्यावर घेतलं आणि आत गेले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. गंगूबाई रडत होती. मी फावड्याकडे बघत होतो. तो काढायला एक हात पुरला असता... माझा हात उचलला गेला नाही, एवढंच स्वतःबद्दल बरं म्हणू शकतो. मग धुरातून पोतं दिसलं. मारोतराव पाठमोरे, वाकून, शांताला काखेतून धरून ओढत होते. ती ढिगामागे बेशुद्ध पडली होती. तिला उंबऱ्याबाहेर टाकून त्यांनीच फावडा काढला, दार आवळलं, तापलेलं चाक उघड्या हातांनी फिरवलं. आत वाफ सुटल्याचा आवाज झाला, अख्खं जिनिंग हललं. तासाभरात आग मेली. रुई गेली, गाठी राहिल्या, आणि शांता आजही आमच्याकडे कामाला आहे.

त्यांच्या तळव्यांची कातडी निघाली होती. आठ दिवसांनी पट्टी बदलताना ते आपणहून बोलले. जहाजावर बॉयलरखोलीत तेल पेटलं होतं. सगळे वर आले, मोजणी झाली, आकडा बरोबर भरला. साहेबाने हुकूम दिला, दार आवळून वाफेचं चाक मारोतरावांनी फिरवलं. "लक्ष्मण म्हनून मालवणचा गडी हुता, माझ्या बाजूला निजायचा. त्याच्या नावाला दुसऱ्यानंच हजर म्हनलं. वाटलं असंल, आलाच असंल मागून... मंग आतून ठोकल्याचा आवाज आला, शेट. चाक उलटं फिरवायचा हुकूम नव्हता. मी हुकूम पाळला."

जाण्याआधी पंधरा दिवस मी त्यांना भेटलो. छातीच्या दुखण्याने घेरलं होतं, बोलताना धाप लागत होती. मी म्हणालो, "मारोतराव, त्या दिवशी दार मी लोटत होतो."

"मला ठाऊक हाय."

"आत कुणी आहे, हे मला माहीत नव्हतं."

"मला बी न्हवतं ठाऊक, जहाजावर." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तळवा खडबडीत होता. "पर ठाऊक नसणं पुरत न्हाई, शेट."

माफी दिली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो होतो. पाहुणे पांगले, दिवेलागण झाली. मी अंगणात चपला घालत होतो, तेव्हा त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, दाराशी आल्या आणि घरातल्या एकेकाला हाक मारू लागल्या. सुनेने सांगितलं, मामंजींचा रोजचा नेम होता. सगळ्यांनी आपापल्या तोंडाने ओ दिल्याशिवाय ते कडी लावत नसत. पोरं हसायची, तरी ओ द्यायची. मुलाने ओ दिली, सुनेने दिली, दोन्ही नातींनी दिली. नावं संपली, तरी वहिनी कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या...

"आई," सून हळूच म्हणाली, "लावा आता."

मी फाटकापर्यंत गेलो. बराच वेळ कडीचा आवाज आला नाही.