झाकण काढू नका

ते पत्रक मी लिहिलं होतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, चिडून. जळगावात मेहरूणला आमच्या गल्लीत सुतारकामाचे कारखाने आहेत, आणि तिथल्या जुन्या कारागिरांत दहाही बोटं शाबूत असलेला माणूस शोधावा लागतो. आम्ही संघटनेची पोरं मोर्च्यांची पत्रकं काढतोच, म्हटलं एक यावर काढू. ‘गोल करवतीच्या पात्यावरचं झाकण काढू नका. हातमोजे घालू नका, पातं ते ओढून घेतं. लाकूड हाताने नाही, काठीने ढकला. आपली काळजी आपण घ्या.’ वाक्यं छोटी, अक्षर मोठं. मला त्याचा फार अभिमान होता.

माझा मामा नरडाण्याजवळ दारांच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात करवतीवर काम करतो. गठ्ठा घेऊन मी तिथेही गेले. शेठनी पत्रक पूर्ण वाचलं. मी भांडायच्या तयारीत होते. ते म्हणाले, “छान लिहिलंय, ताई. याची गरजच होती.” स्वतःच्या हाताने त्यांनी ते मशीनमागच्या भिंतीवर चिकटवलं. मी फोटो काढला. पात्यावर झाकण नाही, हे त्या फोटोत स्वच्छ दिसतं.

झाकण कुठे, असं मामाला विचारलं तर तो हसला. “बारीक पट्टी कापानी ऱ्हायनी का ते आड येस. शेठनीच काढी टाकं म्हणतस. मी ऊनू तव्हयपाइन देखंच नही.”

“आलात तेव्हापासून झाकणच नाही? मग शेठकडे मागा ना.”

“तूच माग, पुढारीनबाई.”

मी मागितलं. शेठ म्हणाले, “बघतो.” मी बस धरून परत आले. कामगारांच्या हक्कांवर दोन-दोन तास बोलणारी मी, ‘बघतो’ ऐकून परत आले.

पावसाळ्यात लाकूड दमट होतं. कापता कापता त्याने पातं आवळलं, फळी उसळली आणि मामाचा उजवा हात पात्यावर गेला. दोन बोटं गेली.

शेठ धुळ्याच्या दवाखान्यात लगेच आले, हे मान्य करते. मामाच्या खाटेपाशी बसून त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. “ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे. कामगाराने सूचना वाचली होती, तरी त्याने झाकण काढलं, एवढंच लिहा. भिंतीवर तुमचंच पत्रक आहे.”

“झाकण तुम्ही काढलंत.”

“काढताना पाहिलंत?”

पाहिलं नव्हतं. मी मोबाइलमध्ये पत्रक उघडलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यात मालक हा शब्द एकदाही नव्हता. काढू नका, घालू नका, ढकला, घ्या. सगळा हुकूम मामाला.

“लिखी टाक, पोरी,” मामा म्हणाला. “मनी चूक शे.”

“तुमची चूक नाही, मामा.”

“माले काय सांगस? मी व्हतू तठे, तू नव्हती. आपली काळजी आपन घ्या, तूच लिखं ना? नही लिधी मी. आते आठ बोटेसवर माले दुसरा कोन काम देई?”

मामाच्या नावाने मी लिहिलं. मध्ये एक वाक्य घुसवलं: ‘मी कामाला लागलो तेव्हापासून मशीनला झाकण नव्हतं.’ शेठनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दुसरा कोरा कागद पुढे केला. रागावले असते तर बरं झालं असतं. मामा खिडकीकडे बघत होता. मी दुसरा लिहिला, ते वाक्य सोडून. आयुष्यभर सही करत आलेल्या माणसाने त्यावर डावा अंगठा उमटवला.

“मंग कव्हय येऊ, शेठ?” त्याने विचारलं.

“आधी टाके तर निघू द्या,” शेठ म्हणाले, आणि अंगठ्याची शाई पुसायला त्यांनी स्वतःचा रुमाल दिला.