साहेबांचा होकार

माझी धाकटी चित्रं काढते आणि मी फ्रेमा करतो. बावीस वर्षं मी तिला धाकटा म्हणत होतो. पुढं तिनंच कान धरून मला सुधारलं. ती स्वतःसारख्याच बायकांची चित्रं काढते. चित्र पुरं झालं की समोर बसलेली बाई खाली स्वतःच्या हातानं नाव लिहिते. जन्माचं नव्हे, तिनं स्वतः ठेवलेलं.

ओळखपत्रावर ते नाव काही लागत नाही. कचेरीत कारकून विचारतो, "पुरावा काय?" म्हणून धाकटीनं ठरवलं, अशी नऊ चित्रं त्याच कचेरीच्या दालनात लावायची. दिसू देत रोज ती नावं त्यांना!

आणि मोठे साहेब चक्क हो म्हणाले, वर चहा पाजला. चार वर्षं दारात उभं न करणारा माणूस! मला तिथंच कळलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

"दादा, तुला देवाचाही संशय येईल," धाकटी हसली.

हस बाई. चित्रं जशीच्या तशी परत मिळतील, असं मी लिहून घेतलं. भिंत ठोकून पाहिली. दालनाची किल्ली कुणाकडं असते, ते शिपायाला दोनदा विचारलं.

मग साहेब स्वतः माझ्या दुकानात चित्रं बघायला आले. "खालची कड जरा मळकी दिसते हो. माउंटमध्ये घ्याल?"

माउंट म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा. त्याखाली कड दाबणं हे आमचं रोजचं काम. म्हटलं, वा, माणसाला नजर आहे! दोन बोटं दाबून नऊ पुठ्ठे कापले, सकाळी जाऊन फ्रेमा टांगल्याही.

दुपारी धाकटी त्या नऊजणींना घेऊन आली. त्यांतल्या शिवण शिकवणाऱ्या बाई आपल्या चित्रापुढं वाकल्या. "अगं, माझं नाव कुठंय?"

"कड मळकी होती, झाकली. फ्रेम तुमच्याच माणसानं केलीय," साहेब गोड हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडू कुणावर? सुरी माझीच होती.

धाकटीनं साहेबांकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुलाही तो मळ वाटला?"

मी पहिली फ्रेम उतरवली आणि तिथंच फरशीवर बसून पुठ्ठा काढायला मागचे खिळे उपसू लागलो.

"अहो, परवानगी!" शिपाई धावत आला.