सपाट जमिनीवरून पडण्याचा डेमो

पडण्याच्या बाबतीत तुमचा हा मित्र किती तयारीचा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मीच सांगतो, चहा घ्या.

बागा लावून देणं हा माझा धंदा. गोसीखुर्द धरणाजवळच्या एका नव्या रिसॉर्टचं वर्षभराचं काम हातातोंडाशी आलं होतं. आधीच्या ठेकेदाराचा माणूस झाडावरून पडून पाय मोडून बसलेला, म्हणून मालकांनी बजावलं होतं, "पाहणीच्या दिवशी एक जरी माणूस पडला, तर काम विसरा."

मी म्हटलं, साहेब, बिनघोर राहा. झाडावर चढणाऱ्या प्रत्येकाला दोर, पट्टा, हेल्मेट. वर सगळ्यांना ताकीद : कुणी पडलाच, तर डॉक्टर येईपर्यंत त्याला उठू द्यायचं नाही.

पाहणीला मालक आले. वर माणसं दोर बांधून झावळ्या छाटत होती, खाली बाया लॉनसाठी हरळी लावत होत्या. सगळं कसं झकास! मला राहवलं नाही, मीही हरळी लावायला वाकलो.

आता आम्ही पडलो कोंढा गावचे धानवाले. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करताना आम्ही वाकून मागे मागे सरकतो, टाचेला धुरा, म्हणजे बांध, लागला की थांबतो. पण लॉनला धुरा असतो का हो? माझ्यामागे होता कमळांसाठी खणलेला खड्डा. गेलो की पाठीवर, थेट चिखलात!

उठायला लागलो, तर आमच्या मुकादमीण सुमनबाई काठावर उभ्या.

"हालू नोका भाऊ. डाक्टर येतपर्यंत कोनाले उठू द्याचं नाही, तुमीच सांगतलं."

"अवो बाई, मले काही झालं नाही."

"पडनारा असाच म्हनते. हेबी तुमीच सांगतलं."

तेवढ्यात मालक काठावर आले. वर्षाचं काम हातचं चाललं होतं ना! पडल्या पडल्याच ठोकून दिलं, "साहेब, हा डेमो होता."

मालक बायांची शिस्त बघून इतके खूश झाले, की खड्ड्यात वाकून माझा हात हातात घेतला. काम मिळालं. अट एकच : नवीन मजूर आले, की त्यांच्यापुढे हाच डेमो, मालकांच्या देखत.

तेव्हापासून मी रीतसर पडतो. परवाही डेमो होता. मालक यायचे होते, तोवर काठ नीट पाहून घ्यावा म्हणून मागे मागे सरकलो, आणि गेलो आत.

घाईघाईने उठत होतो, तर सुमनबाई शांतपणे म्हणाल्या, "पडूनच राहा भाऊ. मालक येऊनच राहिले, दोन-दोनदा कायले पडता?"